ॲस्टॅटिन : मोजलेले किती, मानलेले किती

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हॅलोजन कुलाचा तक्ता असतो. फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन आणि शेवटी ॲस्टॅटिन. पहिल्या चौघांचे सगळे रकाने भरलेले असतात. पाचव्यासमोर काही पुस्तके रेघ मारून मोकळी होतात, तर काहींत वितळणबिंदू ३०२ अंश सेल्सिअस, उत्कलनांक ३३७ अंश असे नेटके आकडे छापलेले असतात. आयोडिन ११४ अंशांना वितळते, असे आपण म्हणतो ते कुणीतरी आयोडिन तापवून, ते वितळताना पाहून नोंदवले म्हणून. ॲस्टॅटिनच्या बाबतीत तसे काहीही घडलेले नाही. साध्या डोळ्यांना दिसेल एवढे ॲस्टॅटिन आजवर कोणी एका जागी जमा करू शकलेले नाही. तरीही दोन्ही आकडे एकाच ठशात, एकाच रांगेत छापले जातात आणि विद्यार्थी ते सारख्याच विश्वासाने पाठ करतात.

८५ अणुक्रमांकाच्या या मूलद्रव्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचे तीन ढीग पडतात. पहिला, प्रत्यक्ष मोजलेले. दुसरा, समीकरणे मांडून काढलेले. तिसरा, शेजाऱ्यांवरून बांधलेले अंदाज. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेताना प्रत्येक गोष्ट कोणत्या ढिगातली, हे तपासत जाणे हाच सरळ मार्ग आहे. आज ही तपासणी केवळ अभ्यासकांच्या हौसेची राहिलेली नाही, कारण याच मूलद्रव्याचा एक समस्थानिक कर्करोगाच्या रुग्णांना टोचला जाऊ लागला आहे.

शोधापूर्वीचे शोध

मेंडेलेव्हच्या सारणीत आयोडिनच्या खाली एक घर रिकामे होते. १९१३ साली हेन्री मोझलीने क्ष-किरणांच्या आधारे मूलद्रव्यांना अणुक्रमांक देण्याची पक्की रीत घालून दिल्यावर ते घर ८५व्या क्रमांकाचे, हे ठरले. पत्ता ठरला म्हटल्यावर शोधणाऱ्यांची रीघ लागली.

अमेरिकेत अलाबामामध्ये फ्रेड ॲलिसन यांनी १९३१ साली हे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले आणि आपल्या राज्यावरून त्याला ‘अलाबामाइन’ म्हटले. त्यांची चुंबक व प्रकाश यांवर आधारलेली पद्धत काही वर्षांतच तपासणीत निकालात निघाली. पॅरिसमध्ये होरिया हुलुबेई आणि इव्हेत कोशुआ यांना रेडॉनच्या नमुन्याच्या क्ष-किरण वर्णपटात ८५व्या मूलद्रव्याच्या फिकट रेषा दिसल्या. त्यांचे काम या सगळ्यांत गंभीर होते. पण त्या काळच्या उपकरणांनी त्या रेषा निर्विवाद ठरवता आल्या नाहीत. स्वित्झर्लंडमधून वॉल्टर मिंडर यांनी १९४० साली ‘हेल्वेशियम’ पुढे आणले, तेही टिकले नाही.

या यादीत एक नाव आपल्या उपखंडातले आहे. ढाक्यात काम करणाऱ्या राजेंद्रलाल डे यांनी १९३७ साली त्रावणकोरच्या मोनाझाइट वाळूतून हे मूलद्रव्य वेगळे केल्याचा दावा केला आणि ढाक्यावरून त्याला ‘डाकिन’ असे नाव दिले. मोनाझाइटमध्ये थोरियम भरपूर असते, त्यामुळे त्याच्या क्षयातून काही नवे हाती लागेल ही अपेक्षा गैर नव्हती. पण थोरियमच्या क्षयमालिकेत ॲस्टॅटिन येतच नाही. शिवाय डे यांनी जेवढ्या प्रमाणात पदार्थ हाताळल्याचे सांगितले, तेवढे ॲस्टॅटिन कोणत्याही प्रयोगशाळेत टिकूच शकत नाही.

हे सारे दावे फसले. त्यांतल्या काहींमागे एक समान गृहीतक होते. आयोडिनचा धाकटा भाऊ आहे म्हणजे तो समुद्राच्या पाण्यात, खनिजांत, क्षारांत कुठेतरी सापडेल आणि नेहमीच्या रासायनिक क्रियांनी वेगळा काढता येईल, असे ते धरून चालले होते. प्रत्यक्षात हे मूलद्रव्य शोधायचे नव्हते, तयार करायचे होते.

बर्कली आणि व्हिएन्ना

१९४० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ६० इंची सायक्लोट्रॉनवर डेल कॉर्सन, केनेथ मॅकेन्झी आणि एमिलिओ सेग्रे यांनी बिस्मथवर अल्फा कणांचा मारा केला. बिस्मथच्या अणुकेंद्रात ८३ प्रोटॉन असतात, अल्फा कणात दोन, बेरीज ८५. त्यातून जे किरणोत्सारी द्रव्य निघाले त्याचे अर्धायुष्य साडेसात तासांच्या घरात होते. हेच आजचे ॲस्टॅटिन-२११. अधिक नेमक्या मोजमापानुसार ते अर्धायुष्य ७.२ तास आहे.

त्यांनी नोंदवलेल्या दोन निरीक्षणांत या मूलद्रव्याचे पुढचे सगळे कोडे आले आहे. पहिले, रासायनिक क्रियांमध्ये ते आयोडिनपेक्षा पोलोनियमसारख्या धातूंच्या जवळचे वागत होते. दुसरे निरीक्षण गिनीपिगचे. जोसेफ हॅमिल्टन आणि मेयो सोली यांनी हे द्रव्य गिनीपिगला दिले, तेव्हा ते आयोडिनप्रमाणेच थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठले. परीक्षानळीत धातू आणि प्राण्याच्या शरीरात हॅलोजन, अशी दुहेरी वागणूक पहिल्याच वर्षी समोर आली आणि आजही ती पूर्ण उलगडलेली नाही.

पुढे महायुद्ध आले, काम थांबले. नाव ठेवायलाही १९४७ उजाडले. ‘अस्थिर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ॲस्टॅटिन हे नाव रूढ झाले. मधल्या काळात, १९४३ साली व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत बेर्टा कार्लिक आणि ट्राउडे बेर्नर्ट यांनी युरेनियमच्या नैसर्गिक क्षयमालिकेत ॲस्टॅटिन-२१८ असल्याचे दाखवून दिले. म्हणजे ते निसर्गातही होते. मात्र प्रयोगशाळेत तयार झाल्यावर मगच ते निसर्गात ओळखता आले.

साऱ्या पृथ्वीवर किती?

पृथ्वीच्या कवचात नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या मूलद्रव्यांत ॲस्टॅटिन सर्वांत दुर्मीळ मानले जाते. जुन्या पुस्तकांत त्याचे प्रमाण ‘तीसेक ग्रॅम’ असे दिसते, अलीकडच्या संदर्भग्रंथांत ‘एक ग्रॅमहून कमी’. हा आकडा कुणी वजन करून काढलेला नाही हे उघड आहे. पण तो तर्कटही नाही. त्याचा ढोबळ हिशेब कुणालाही घरी बसून करता येतो.

भूकवचाच्या एक किलो खडकात सरासरी दोनेक मिलिग्रॅम युरेनियम धरले, तर संपूर्ण कवचात सुमारे पाच कोटी अब्ज किलो युरेनियम भरते. त्यातले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. ते अनेक पायऱ्यांनी क्षय पावत शेवटी शिसे बनते. वाटेत पोलोनियम-२१८ लागते. त्याचे बहुतेक सगळे अणू अल्फा कण सोडून शिशाकडे निघून जातात. पाच हजारांतला एखादा अणू मात्र आडवाटेने ॲस्टॅटिन-२१८ होतो आणि त्याचे अर्धायुष्य दीड सेकंदाच्या आसपास असते. क्षयमालिका कोट्यवधी वर्षे अखंड चालू असल्याने प्रत्येक पायरीवर जितके अणू येतात तितकेच जातात. अशा वेळी कोणत्याही पायरीवरचा साठा तिच्या अर्धायुष्याच्या प्रमाणात असतो. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षे, ॲस्टॅटिनचे दीड सेकंद. या गुणोत्तराने आणि त्या पाच हजारांतल्या एकाने युरेनियमच्या साठ्याला गुणले की उत्तर येते ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

युरेनियम-२३५ च्या मालिकेतून येणारे ॲस्टॅटिन-२१९ जवळजवळ एक मिनिट टिकते. पण त्याची वाट त्याहून अरुंद आहे. आधी ॲक्टिनियमच्या शंभरातल्या एक-दीड अणूंनी फ्रॅन्सियम व्हायचे, मग फ्रॅन्सियमच्या लाखातल्या सहाएक अणूंनी ॲस्टॅटिन. त्यामुळे त्याची भर मिलिग्रॅमच्या हिशेबातच राहते. थोडक्यात, ‘एक ग्रॅमहून कमी’ हा आकडा दुसऱ्या ढिगातला आहे, पण त्यातल्या प्रत्येक घटकामागे प्रत्यक्ष मोजमाप आहे. अशा आकड्यावर विसंबायला हरकत नाही.

दोन न्यूट्रॉनांचा फरक

ॲस्टॅटिनचे चाळीसच्या आसपास समस्थानिक ज्ञात आहेत आणि त्यांतला एकही स्थिर नाही. यादी अजून वाढते आहे. २०२५ साली फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲस्टॅटिन-१८८ तयार झाल्याचे जाहीर केले, तो सर्वांत हलका. सर्वाधिक टिकणारा समस्थानिक म्हणजे ॲस्टॅटिन-२१०, तोही ८.१ तासांत अर्धा होतो.

या अस्थिरतेचे कारण अणुकेंद्राच्या रचनेत आहे. इलेक्ट्रॉनांप्रमाणे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचेही थर असतात आणि ठरावीक संख्येला थर पूर्ण भरतो. न्यूट्रॉनांच्या बाबतीत १२६ ही अशी संख्या आहे. बिस्मथ-२०९ मध्ये नेमके १२६ न्यूट्रॉन आहेत, म्हणून ते जवळजवळ स्थिर आहे. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त आहे. ॲस्टॅटिन-२११ मध्येही १२६ न्यूट्रॉन आहेत आणि ते ७.२ तास तग धरते. त्यात फक्त दोन न्यूट्रॉन वाढवा, ॲस्टॅटिन-२१३ होते. त्याचे अर्धायुष्य १२५ नॅनोसेकंद. एक अल्फा कण बाहेर टाकला की ते थेट १२६ न्यूट्रॉनांच्या भरलेल्या थरावर, म्हणजे बिस्मथ-२०९ वर येते. त्या उडीत मिळणारी ऊर्जा मोठी असल्याने ती उडी तत्काळ घडते. तास आणि नॅनोसेकंद यांच्यातली ही दरी दोन न्यूट्रॉनांनी पडते.

अर्धायुष्ये, अल्फा कणांच्या ऊर्जा, क्षयाच्या वाटा ही सगळी माहिती पहिल्या ढिगातली आहे. अणुकेंद्राचे गुण मोजायला पदार्थाचा ढीग लागत नाही. एकेक अणू फुटताना निघालेला कण टिपला की पुरते. अडचण सुरू होते ती केंद्राबाहेरच्या इलेक्ट्रॉनांपाशी, म्हणजे रसायनशास्त्रात.

न पाहिलेल्या पदार्थाचा रंग

ॲस्टॅटिनचा एक ग्रॅमचा तुकडा तयार करता आला असता, तर तो कसा दिसला असता? खरे उत्तर असे की तो दिसलाच नसता. एक ग्रॅम ॲस्टॅटिन-२११ मधून बाहेर पडणारी ऊर्जा मोजली तर ती ऐंशी किलोवॅटच्या आसपास भरते. घरातले चाळीस गीझर एकाच वेळी चालू करावेत तेवढी. स्वतःच्याच उष्णतेने तो तुकडा क्षणात वाफ होऊन जाईल.

म्हणून रंग, घनता, वितळणबिंदू हे सगळे तिसऱ्या, फार तर दुसऱ्या ढिगातले. फ्लुओरिन फिकट पिवळा, क्लोरिन हिरवट पिवळा, ब्रोमिन तांबडा-तपकिरी, आयोडिन जांभळट काळा. या चढत्या गडदपणावरून ॲस्टॅटिन काळे असावे असा अंदाज केला गेला. तक्त्यातला ३०२ अंशांचा वितळणबिंदू अशाच शेजाऱ्यांच्या आलेखावरची रेघ पुढे वाढवून आलेला आहे. उत्कलनांकाची गत तर आणखी गमतीची. वायूंच्या वर्णलेखनावर आधारलेल्या १९८०च्या दशकातल्या अंदाजाने तो २३० अंशांच्या आसपास येतो. हा वितळणबिंदू नि हा उत्कलनांक दोन्ही एकदम खरे धरले, तर पदार्थ वितळण्यापूर्वीच उकळायला हवा! मुळात अंदाज आहेत म्हटल्यावर ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

२०१३ साली अँड्रियास हर्मन, रोआल्ड हॉफमन आणि नील ॲशक्रॉफ्ट यांनी पुंजयामिकीच्या समीकरणांतून वेगळेच चित्र मांडले. आयोडिनच्या स्फटिकात अणू जोडीजोडीने राहतात. ॲस्टॅटिनमध्ये मात्र जोड्या बनणारच नाहीत, तर एकेकटे अणू धातूसारख्या जाळीत बसतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो खरा असेल, तर आयोडिनवरून वाढवलेली प्रत्येक रेघ चुकीच्या दिशेला गेलेली आहे. शेजारी रेणूंचा स्फटिक आणि हा धातू, तर शेजाऱ्यावरून याचा वितळणबिंदू काढायचा कसा? घनतेचेही तसेच. जुन्या अंदाजात ती घन सेंटिमीटरला साडेसहा ग्रॅमच्या आत होती, धातूची रचना गृहीत धरल्यावर नऊ ग्रॅमच्या जवळ गेली. दोन ॲस्टॅटिन अणूंचा रेणू आजवर खात्रीने कुणाला दिसलेला नाही, ही गोष्टही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अदृश्य द्रव्याचे रसायन

ॲस्टॅटिनच्या रसायनाचे प्रयोग ज्या द्रावणांत होतात, त्यांचे प्रमाण लिटरमागे मोलच्या अब्जाव्या भागाच्याही शंभराव्या ते लाखाव्या हिश्श्याइतके विरळ असते. अशा द्रावणाचा रंग बदलत नाही, साका बसत नाही, वास येत नाही. संशोधकाच्या हाती फक्त किरणोत्साराची मोजणी असते. म्हणून मार्ग काढला जातो तो असा. द्रावणात चिमूटभर आयोडाइड मिसळायचे, चांदीचा क्षार घालून त्याचा साका पाडायचा आणि मग किरणोत्सार साक्यात गेला की द्रावणात राहिला ते पाहायचे. साक्यात गेला, तर ॲस्टॅटिन आयोडाइडसारखे वागले, ऋण आयन बनले. राहिला, तर दुसरे काहीतरी झाले.

या रीतीने त्याच्या अनेक रासायनिक अवस्था ओळखल्या गेल्या. एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेले ॲस्टॅटाइड. इलेक्ट्रॉन गमावलेली आणि पाण्यात ऑक्सिजनसह धन आयन म्हणून वावरणारी रूपे. आणि प्रबळ ऑक्सिडीकारकांच्या सहवासात मिळणारी ॲस्टॅटेटसारखी ऋण रूपे. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत इव्हान ॲपलमन आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात वस्तुमान वर्णपटमापकाने ॲस्टॅटिनची आयोडिन, ब्रोमिन आणि क्लोरिनबरोबरची संयुगे प्रत्यक्ष टिपली. हे काम पहिल्या ढिगातले आणि भरवशाचे.

मात्र इतक्या विरळ द्रावणात एक वेगळाच घोटाळा असतो. पाण्यातली अशुद्धी कितीही कमी असो, ॲस्टॅटिनच्या तुलनेत ती प्रचंड असते. काचेच्या भिंतीला चिकटणारे अणू, रबराच्या बुचातून झिरपलेले सेंद्रिय कण, स्वतःच्याच अल्फा किरणांनी पाण्यात निर्माण झालेली क्रियाशील द्रव्ये, या प्रत्येकाशी ॲस्टॅटिनची गाठ पडते. त्यामुळे एका प्रयोगशाळेत आलेले उत्तर दुसरीकडे येत नाही, असे वारंवार घडले. या विषयावरचे जुने निबंध वाचताना परस्परविरोधी निष्कर्ष भेटतात, ते बहुतेक या कारणाने. निष्काळजीपणा हे त्याचे कारण क्वचितच असते.

सर्नमधले दोन आकडे

रसायनाच्या या धुक्यात अलीकडे दोन पक्के खुंट रोवले गेले, दोन्ही जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील आयसोल्डे या सुविधेत.

अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते, ही आयनीकरण ऊर्जा. प्रत्येक मूलद्रव्याच्या ओळखपत्रावरचा हा पहिला आकडा. २०१३ सालापर्यंत निसर्गात आढळणाऱ्या मूलद्रव्यांपैकी एकट्या ॲस्टॅटिनचा तो मोजलेला नव्हता. आयसोल्डेमध्ये जड मूलद्रव्याच्या लक्ष्यावर प्रोटॉनांचा झोत सोडून ॲस्टॅटिनचे अणू निर्माण केले गेले, तापलेल्या नळीतून ते वाफेच्या रूपात बाहेर आले आणि त्यांच्यावर लेझर सोडले गेले. लेझरचा रंग अगदी बारीक पावलांनी बदलत न्यायचा आणि कोणत्या रंगाला अणू आयन होऊन मोजणी यंत्रापर्यंत पोचतो ते नोंदवायचे. उत्तर मिळाले ९.३१७५१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आयोडिनचे १०.४५. म्हणजे ॲस्टॅटिन आपला इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी सहज सोडते.

२०२० साली त्याच सुविधेत उलट बाजू मोजली गेली. जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या ॲस्टॅटिनकडून तो काढून घ्यायला किती ऊर्जा लागते? उत्तर २.४१५७८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आयोडिनला ३.०६. इलेक्ट्रॉनची हावही आयोडिनपेक्षा कमी.

हे दोन आकडे एकत्र ठेवले की विद्युतऋणता काढता येते. ती हायड्रोजनपेक्षाही कमी भरते. त्याचा परिणाम चमत्कारिक आहे. हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या सगळ्यांत इलेक्ट्रॉन हॅलोजनकडे झुकलेले असतात. हायड्रोजन-ॲस्टॅटिनच्या जोडीत ते हायड्रोजनकडे झुकतील असे गणित सांगते. याचे मूळ आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत आहे. ८५ प्रोटॉनांच्या जड केंद्राजवळ इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की त्यांच्या कक्षांची ऊर्जा बदलते आणि सर्वांत बाहेरची कक्षा दुभंगते. बर्कलीत १९४० साली ‘हे धातूसारखे वागते’ असे जे नोंदवले गेले होते, त्याला या दोन आकड्यांनी आधार दिला.

सात तासांचे औषध

ॲस्टॅटिन-२११ चे अर्धायुष्य ना फार लहान ना फार मोठे. रेणूला जोडून रुग्णाला देण्याइतका वेळ मिळतो आणि दोन-तीन दिवसांत किरणोत्सार जवळजवळ संपलेला असतो. त्याच्या क्षयाला दोन फाटे आहेत. सुमारे ४२ टक्के अणू लगेच अल्फा कण सोडून बिस्मथ-२०७ होतात. उरलेले ५८ टक्के आधी पोलोनियम-२११ होतात आणि ते सेकंदभरात अल्फा कण सोडून स्थिर शिसे बनते. कोणताही फाटा घ्या, एका अणूमागे एक अल्फा कण नक्की. शिवाय दुसऱ्या फाट्यावर निघणाऱ्या क्ष-किरणांमुळे औषध शरीरात कुठे गेले ते कॅमेऱ्याने पाहता येते.

अल्फा कण शरीराच्या ऊतींत जेमतेम ५० ते ८० मायक्रोमीटर जातो, म्हणजे चार-सहा पेशींचे अंतर. तेवढ्या अंतरात तो आपली सगळी ऊर्जा ओततो आणि डीएनएचे दोन्ही धागे तोडतो. थायरॉइडच्या कर्करोगासाठी दशकानुदशके वापरात असलेल्या आयोडिन-१३१ चे बीटा कण दोन मिलिमीटरपर्यंत पसरतात. मोठ्या गाठीला ते चालते. विखुरलेल्या पेशींचे लहानलहान पुंजके टिपायचे असतील, तर अल्फा कण अधिक नेमका. एका रुग्णाला लागणारी मात्रा वजनात सांगायची, तर चार-पाच नॅनोग्रॅमच्या आसपास.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मायकेल झालुत्स्की यांच्या गटाने मेंदूच्या परतून आलेल्या गाठींवर हा प्रयोग केला. गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत ॲस्टॅटिन जोडलेले प्रतिपिंड सोडले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १८ रुग्ण होते आणि त्यांच्या जगण्याचा मध्यक ५४ आठवडे आला. अशा गाठींच्या मानाने हे आशादायक होते, पण पहिल्या टप्प्याची एवढीशी चाचणी परिणामकारकता सिद्ध करत नाही. ती देणे सुरक्षित आहे का, एवढेच पाहते. स्वीडनमध्ये गोटेनबर्गला बीजकोशाच्या कर्करोगावर उदरपोकळीत औषध देऊन पाहिले गेले. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाने थायरॉइडच्या कर्करोगावर सोडियम ॲस्टॅटाइडची चाचणी हाती घेतली. आयोडिन-१३१ ला दाद न देणारे रुग्ण त्यासाठी निवडले गेले. बर्कलीच्या गिनीपिगने दाखवलेली वाट ती हीच.

इथेच अर्धवट राहिलेले रसायन आडवे येते. ॲस्टॅटिन प्रतिपिंडाला जोडताना बहुधा कार्बनच्या कड्याला बांधतात. कार्बन आणि ॲस्टॅटिन यांच्यातला बंध आयोडिनपेक्षा कमकुवत असतो. शरीरात तो सुटला की मोकळे ॲस्टॅटिन थायरॉइड, जठर, प्लीहा, फुप्फुसे यांत जाऊन बसते आणि निरोगी पेशी मारते. सिएटलमध्ये स्कॉट विल्बर यांच्या गटाने कार्बनऐवजी बोरॉनच्या पिंजऱ्यांना ॲस्टॅटिन बांधून हा बंध बळकट करून दाखवला. दुसरी डोकेदुखी मात्रा वाढवल्यावर येते. चाचणीपुरत्या अल्प प्रमाणात उत्तम जोडले जाणारे ॲस्टॅटिन उपचाराच्या प्रमाणात आले की त्याचेच किरण द्रावण बिघडवतात, अवस्था बदलते आणि जोडणी फसते. म्हणजे ‘ॲस्टॅटिन कोणत्या अवस्थेत आहे’ हा प्रयोगशाळेतला जुना प्रश्न आता औषधाच्या गुणवत्तेचा प्रश्न झाला आहे.

पुरवठ्याचे गणित

कच्चा माल स्वस्त आहे. नैसर्गिक बिस्मथ जवळजवळ शंभर टक्के बिस्मथ-२०९ च असते. अडते ते यंत्रापाशी. अल्फा कणांची ऊर्जा २८-२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास राखावी लागते. कमी पडली तर उत्पादन घटते. जास्त झाली तर ॲस्टॅटिन-२१० तयार होऊ लागते आणि ते क्षय पावून पोलोनियम-२१० बनते, म्हणजे २००६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर लिट्विनेन्को यांचा जीव घेणारे विष. झोत फार प्रखर केला तर बिस्मथ २७१ अंशांना वितळून लक्ष्यच वाहून जाते. मारा संपल्यावर ते लक्ष्य भट्टीत तापवून ॲस्टॅटिनची वाफ वेगळी काढतात किंवा आम्लात विरघळवून रासायनिक रीतीने सोडवतात. हे सगळे घड्याळाशी स्पर्धा करत.

पुरेशा ऊर्जेचे अल्फा झोत देणारे सायक्लोट्रॉन जगात मोजकेच आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयांतले सायक्लोट्रॉन पेट स्कॅनच्या औषधांसाठी बसवलेले असून ते प्रोटॉनांवर चालतात. त्यांचा इथे उपयोग नाही. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधल्या जुन्या सायक्लोट्रॉनवर अल्फा झोत मिळतो. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये असलेल्या पेलेट्रॉन त्वरकावरही ॲस्टॅटिन तयार झालेले आहे. साहा इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शिशावर लिथियमचा मारा करून ॲस्टॅटिनचे २०७ ते २१० हे समस्थानिक किती प्रमाणात मिळतात ते मोजले. तो निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. हे मूलभूत संशोधन होते, औषधाचे उत्पादन नव्हे.

उत्पादनाच्या वाटेत वाहतुकीचा अडसर आहे. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस. तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार झालेले आयोडिन देशाच्या कोणत्याही टोकाला पाठवले तरी फारसे बिघडत नाही. ॲस्टॅटिन कोलकात्याहून मुंबईच्या रुग्णालयात पोचवायचे तर लक्ष्य उतरवणे, शुद्धीकरण, विमानतळ, विमान आणि पुन्हा रस्ता मिळून सहा तास सहज जातात. तोवर निघालेल्या शंभर भागांपैकी ५६ उरतात. प्रतिपिंडाला जोडण्याचे काम त्यानंतरचे. म्हणून जिथे ॲस्टॅटिनवर उपचार उभे राहतील तिथे अल्फा झोताचा सायक्लोट्रॉन जवळच लागेल. औषध दूरवर पाठवण्यापेक्षा यंत्रे प्रादेशिक पातळीवर उभारणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

जमाखर्च

आता तिन्ही ढीग समोर मांडू. अर्धायुष्ये, क्षयाच्या वाटा, आयनीकरण ऊर्जा, इलेक्ट्रॉनची ओढ आणि मोजकी संयुगे हे मोजलेले. पृथ्वीवरचा साठा, हायड्रोजनशी उलटा झुकाव, धातूची रचना ही गणिते. त्यांतले पहिले भक्कम, दुसरे मोजलेल्या आकड्यांच्या आधाराने विश्वसनीय, तिसरे अजून कसोटीला न लागलेले. रंग, वितळणबिंदू, उत्कलनांक हे निव्वळ अंदाज. त्यांचा पाया आयोडिनशी साम्य असण्यावर आहे आणि मोजलेले आकडे नेमके त्या साम्यावरच शंका घेतात.

पहिला ढीग यापुढे कुठून वाढेल, तेही स्पष्ट आहे. वितळणबिंदू मोजण्याची निकड कुणालाच नाही आणि एक ग्रॅमच्या उष्णतेचे गणित पाहता ते शक्यही दिसत नाही. द्रावणातल्या अवस्था, कार्बन आणि बोरॉनशी बंधांची ताकद, किरणांनी बिघडणारी द्रावणे यांची मोजमापे मात्र होत राहतील, कारण त्यांच्यावर रुग्णाची थायरॉइड आणि फुप्फुसे अवलंबून आहेत. या मूलद्रव्याचे रसायन इथून पुढे औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळा लिहिणार आहेत.

पाठ्यपुस्तकांनी तोवर एक साधी गोष्ट करावी. ३०२ हा आकडा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्यापुढे कंसात ‘अंदाज’ असे छापा, आणि ९.३१७५१ च्या पुढे ‘मोजलेले, २०१३’. विज्ञानात कोणता आकडा कशाच्या बळावर उभा आहे हे विचारायची सवय विद्यार्थ्याला त्या दोन शब्दांनी लागेल, आणि ती सवय हॅलोजनच्या अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त काळ उपयोगी पडेल.